आधी सूर, मग चित्र : सचेत गीतपटाची आपली परंपरा



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत. व्याख्यान इतिहासावर द्यायचे आणि श्रोते मराठी, म्हटल्यावर गडकोट, संतमंडळी किंवा स्वातंत्र्यलढा यांपैकी काही ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या विषयांची थोरवी मी मानतो. आज मात्र मी एक लहानसा विषय घेऊन आलो आहे. गाण्याच्या तालावर हलणाऱ्या चित्रांचा, ज्यांना हल्ली ॲनिमेटेड म्युझिक व्हिडिओ म्हणतात त्यांचा, इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे. बोलण्याच्या सोयीसाठी मी त्यांना ‘सचेत गीतपट’ म्हणेन.

या विषयाचे कडोदऱ्याला काय, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या चार रस्त्यावर वाढलेले हे गाव आहे. रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी येथे गुजराती, खानदेशी, ओडिया, भोजपुरी अशा अनेक बोलींची माणसे आणून शेजारी शेजारी बसविली. अनेकांतून एक काम कसे उभे राहते, हे येथे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. सचेत गीतपटही नेमका असाच, अनेक हातांनी एका मापात केलेला जिन्नस आहे. या कलेत सूर वडील आणि चित्र धाकटे असते. ती करण्याला आणि अनुभवण्याला सोबत लागते. आणि आपण गाणी लक्षात ठेवली तरी ती चित्रे काढणारे हात विसरलो, हे माझ्या प्रतिपादनाचे सार आहे.

पडद्यापूर्वीची परंपरा

गाण्याबरोबर चित्र दाखविण्याची कल्पना सिनेमाने आणली, असा समज आहे. तो खरा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगविलेली चित्रे पोथीच्या क्रमाने लावलेली असतात. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाचे गायन-निरूपण करतो. चित्र स्वतः हलत नाही. गायकाचा स्वर त्याला हलवितो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेकडे पुन्हा एकदा देशाचे लक्ष गेले. आपल्या गुजरातेतही गरोडा मंडळी चित्रांची लांब गुंडाळी उलगडीत, गावोगाव कथा सांगत हिंडत असत. अर्थात या भूमीतल्या प्रेक्षकाला कानाने चित्र पाहण्याची सवय फार जुनी आहे.

याच परंपरेला यंत्राची जोड देण्याचा पहिला मोठा प्रयत्न कल्याणात झाला. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या लहान पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलाच्या साहाय्याने पडद्यावर पडत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था रंगवून त्या एकापाठोपाठ एक दाखविल्या की पाहणाऱ्याला पात्र हालचाल करीत असल्याचा भास होई. सोबत निवेदन, संवाद आणि गाणी असत. ल्यूमिएर बंधूंचा चित्रपट १८९६ साली मुंबईत अवतरला. त्याच्या आधी चार वर्षे एका मराठी कुटुंबाने चित्र, गती आणि गीत ही त्रयी पडद्यावर एकत्र आणली होती, ही गोष्ट आपल्या शाळांतून अधिक सांगितली गेली पाहिजे.

फाळके ते प्रभात

दादासाहेब फाळके आपल्याला चित्रपटमहर्षी म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्या घडणीत गुजरातचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोड्या थोड्या अवधीने, एकेक चौकट घेत टिपली होती. एकेक चौकट स्वतंत्रपणे घेणे हाच सचेतपटाचा पाया होय. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून त्यांची छायाचित्रे घेतली आणि ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलताना पाहून त्या काळच्या प्रेक्षकाला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. पण तो काळ मूकपटांचा होता. सूर थिएटरात वाजे, फिल्मवर नसे. त्यामुळे चित्र आणि ताल यांची गाठ पक्की बांधणे शक्य नव्हते.

ती गाठ बोलपटाने बांधली. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या ‘स्टीमबोट विली’ने १९२८ साली चित्रातल्या प्रत्येक हालचालीला संगीताच्या ठोक्याशी जोडून दाखविले आणि जगभरच्या चित्रकारांना नवा मार्ग सापडला. आपल्याकडे १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. लगेच १९३४ साली प्रभातने ‘जंबुकाका’ हा कोल्ह्यावरचा व्यंगचित्रपट सादर केला. रघुनाथ केळकर यांनी तो केला होता. त्या काळी प्रभातमध्ये एक तरुण पडेल ते काम करीत, गात, वाद्ये शिकत उमेदवारी करीत होता. कुडाळजवळच्या सोनवडे गावचा तो तरुण म्हणजे वसंत देसाई. त्यांचे नाव मी मुद्दाम येथे घेऊन ठेवतो. चाळीस वर्षांनी आपल्याला ते पुन्हा भेटणार आहेत.

फिल्म्स डिव्हिजनची शाळा

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि १९५६ मध्ये मुंबईत तिचा व्यंगचित्रपट विभाग सुरू झाला. तेथील चित्रकारांना शिकविण्यासाठी क्लेअर वीक्स हे डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले गृहस्थ आले. त्यांचा जन्म भारतातलाच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. राम मोहन, प्रमोद पती आणि पुढे भीमसेन ही मंडळी याच विभागात घडली. भीमसेन खुराना मूळ मुलतानचे. फाळणीत घर सुटले, लखनौत वाढले आणि १९६१ मध्ये पार्श्वभूमीची चित्रे रंगविणारे चित्रकार म्हणून ते फिल्म्स डिव्हिजनमध्ये रुजू झाले. पुढे स्वतंत्रपणे केलेल्या ‘द क्लाइंब’ या त्यांच्या पटाला शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले.

सरकारी खाते म्हणून आपण त्या संस्थेची पुष्कळ थट्टा केली. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी तिचे लघुपट दाखविणे सक्तीचे होते आणि तेवढ्या वेळात लोक चहा पिऊन येत. पण बाजाराची चिंता न करता वर्षानुवर्षे हात तयार करणारी दुसरी शाळा त्या वेळी जवळपास नव्हती. ही संस्था अलीकडे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिने घडविलेल्या कारागिरांची परंपरा मात्र खातेबदलाने संपत नाही.

एक अनेक और एकता

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना हा पट ठाऊक असेल. ‘एक अनेक और एकता’ हा सुमारे सात मिनिटांचा सचेत गीतपट १९७४ साली निर्माण झाला. त्याच्या कर्त्या विजया मुळे. १९२१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या विदुषीने पाटण्यात चित्रपट संस्थेच्या चळवळीत काम केले, सत्यजित राय यांच्यासारख्यांबरोबर फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभारण्यात भाग घेतला आणि शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात मुलांसाठी चित्रपटांची आखणी केली. चित्रांकन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. अखेरचे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. विष्णू दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतील या गायकाने १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. आणि त्यातला कोवळा बालस्वर दाभोळच्या एका चिमुरडीचा होता. पुढे देशाने तिला साधना सरगम या नावाने ओळखले. या पटाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

ही नामावली पुन्हा एकदा मनात आणावी. मुंबईची मराठी दिग्दर्शिका, मुलतानचा निर्वासित चित्रकार, कोकणचा संगीतकार, दिल्लीतला गुरुकुल परंपरेचा कवी-गायक आणि दाभोळची बालिका. पटाचे नाव त्यांच्या एकत्र येण्याला तंतोतंत लागू पडते.

त्यातली गोष्ट साधी आहे. मुले बागेत खेळत असतात. ‘अनेक’ म्हणजे काय, असे ती ताईला विचारतात. ताई आकाशातल्या आणि भोवतालच्या गोष्टी दाखवीत उत्तर देते, मग पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची कथा सांगते. ते जाळ्यासकट एकदम उडतात आणि उंदीरमित्र जाळे कुरतडून त्यांना सोडवितात. पंचतंत्रातील चित्रग्रीव आणि हिरण्यक यांची ही कथा. मूळ कथेत शहाणपण कपोतराजाकडे आहे. पटात राजाचे नाव येत नाही, साऱ्या पक्ष्यांनाच शहाणपण वाटून दिले आहे. गोष्ट ऐकून झाल्यावर मुले झाडाचे आंबे एकमेकांच्या साहाय्याने काढतात. उपदेश संपताच कृती येते.

ऐक्याचा उपदेश करणारे सरकारी लघुपट त्या काळात कमी नव्हते. त्यांतील बहुतेक विस्मृतीत गेले. ऐक्याच्या नावाखाली गप्प बसविण्याचा काळही लगेच पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये आला. मग हाच पट का टिकला? माझ्या मते त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. येथे कोणी व्यासपीठावरून बोलत नाही. मुले विचारतात, ताई सांगते, मुले पुन्हा विचारतात आणि हे सारे लयीत चालते. प्रश्न हाच त्या गाण्याचा ठेका आहे. वसंत देसाई यांना मुलांच्या कंठाची जाण होती. ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतील त्यांनी संगीत दिलेल्या प्रार्थना देशभरच्या शाळांनी आपल्या म्हणून स्वीकारल्या. अप्रशिक्षित गळ्यांना एकत्र गाता येईल अशी चाल बांधणे हे फार अवघड काम आहे. ते त्यांना साधले होते. २२ डिसेंबर १९७५ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. आपले हे शेवटच्या काळातले काम किती घरांत गायले जाणार आहे, हे पाहायला ते राहिले नाहीत.

मात्रा आणि चौकट

असा पट होतो कसा, हे थोडे हिशेबाने सांगतो, कारण या कलेचे मर्म हिशेबात आहे. सिनेमाच्या फिल्मवर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. सचेतपटात बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकवितात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. सात मिनिटांच्या पटाला १०,०८० चौकटी लागतात. त्यांची निम्मी म्हणजे ५,०४० चित्रे झाली. काही चित्रे पुन्हा वापरता येतात, काही ठिकाणी एकाच चौकटीत दोन-तीन थर लागतात. परंतु कामाची व्याप्ती यावरून ध्यानात यावी.

या कामात गाणे आधी ध्वनिमुद्रित होते. मग ते पुन्हापुन्हा ऐकून कोणते अक्षर, कोणता ठोका कितव्या चौकटीवर पडतो, याचा तक्ता करतात. समजा, लय मिनिटाला १२० मात्रांची आहे. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १२ चौकटींची झाली. आठ मात्रांच्या केरव्याचे एक आवर्तन ९६ चौकटींत, म्हणजे चार सेकंदांत बसते. सहा मात्रांच्या दादऱ्याचे ७२ चौकटींत, तीन सेकंदांत. पक्ष्याचा पंख समेवर खाली यायचा असेल तर त्याआधीच्या मात्रेत तो वर जाऊ लागला पाहिजे आणि त्याची चित्रे तितक्याच चौकटींत वाटून द्यावी लागतात. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एका मात्रेला १४.४ चौकटी येतात. चौकटीचे तुकडे तर करता येत नाहीत. मग १४, १४, १५, १४, १५ अशी वाटणी करून पाच मात्रांच्या ७२ चौकटी जुळवायच्या. गायक मोकळेपणाने गातो. त्याच्या मोकळेपणाचा हिशेब चित्रकार ठेवतो. सूर वडील आणि चित्र धाकटे असे मी म्हटले, ते या अर्थाने.

यानंतर काम हातोहात पुढे जाते. एक जण मुख्य अवस्था काढतो, दुसरा मधल्या अवस्था भरतो, तिसरा त्या पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवितो, चौथा मागच्या बाजूने रंग भरतो, पाचवा पार्श्वभूमी रंगवितो आणि सहावा सारे थर कॅमेऱ्याखाली बसवून एकेक चौकट टिपतो. कागदाला आणि सेल्युलॉइडला ठरावीक जागी भोके पाडून ती खुंट्यांवर बसवितात, म्हणजे थर हलत नाहीत. आपल्या गिरण्यांत काम केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. छापील साडीच्या प्रत्येक रंगाचा स्क्रीन वेगळा असतो आणि एक स्क्रीन सूतभर सरकला तरी पाकळीचा रंग रेषेबाहेर जाऊन माल बाद होतो. तिकडे सूतभर चुकले तर पक्षी थरथरतो. कापडावरची आणि पडद्यावरची शिस्त एकच आहे.

आस्वादाची रीत

कलेचा इतिहास केवळ करणाऱ्यांचा नसतो, पाहणाऱ्यांचाही असतो. १९७० च्या दशकात दूरदर्शन संच थोड्या घरांत होते आणि चित्र काळे-पांढरे होते. रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास आले आणि लहान प्रक्षेपकांचे जाळे त्यानंतर पसरले. म्हणजे विजया मुळे आणि भीमसेन यांनी रंगविलेला हा पट त्याच्या पहिल्या प्रेक्षकांपैकी असंख्यांनी बिनरंगाचाच पाहिला. तरी तो त्यांच्या मनात ठसला. रंग वजा झाल्यावर रेषा आणि लय उरली आणि ती पुरेशी ठरली.

शिवाय तो एकट्याने पाहिला गेला नाही. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओटीवर आळीतली मुले जमत. कार्यक्रमांच्या मधल्या वेळात हा पट लागला की दारापासून माजघरापर्यंत सगळी एका सुरात म्हणू लागत. मीही अशाच एका घोळक्यात शेवटच्या रांगेत उभा राहून तो पाहिलेला आहे. पुढच्यांच्या डोक्यांमुळे चित्र अर्धेच दिसे, गाणे मात्र पुरे येई. अमेरिकेत फ्लायशर बंधूंनी १९२० च्या दशकात गीताच्या शब्दांवर उड्या मारणारा चेंडू पडद्यावर दाखवून सगळ्या थिएटराला गायला लावले होते. आपल्याला चेंडूची गरज पडली नाही.

पुढच्या काळात ही कला दोन वाटांनी गेली. एक वाट शुद्ध प्रयोगाची. गुजरातेत जन्मलेले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेले ईशू पटेल कॅनडात गेले आणि तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्यांनी १९७७ मध्ये ‘बीड गेम’ केला. हजारो मणी एकेक करून सरकवीत, ज्ञानप्रकाश घोष यांच्या तालवाद्यांच्या साथीवर त्यांनी सृष्टीतील संघर्षाचे रूपक उभे केले. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. दुसरी वाट बाजाराची. १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर गाण्याची जाहिरात म्हणून व्हिडिओ निघू लागले. ‘टेक ऑन मी’ (१९८५) या नॉर्वेच्या गायकवृंदाच्या गीतात पेन्सिलीची रेखाचित्रे आणि जिवंत माणसे एकत्र नाचली. आज दोन्ही वाटा हातातल्या मोबाइलमध्ये येऊन मिळाल्या आहेत. बडबडगीतांपासून अहिराणी गाण्यांपर्यंत सारे तेथे मिळते आणि संगणक क्षणात चित्रेही काढून देतो. विपुलतेबद्दल मी तक्रार करणार नाही. परंतु प्रत्येक मूल कानात बोंडे घालून आपापले गाणे पाहते, तेव्हा या कलेच्या आस्वादातला सोबतीचा अर्धा भाग गळून पडतो, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने केली पाहिजे.

आपले कर्तव्य

भीमसेन २०१८ साली गेले, विजया मुळे आणि राम मोहन २०१९ साली गेले. त्यांच्या निधनवार्ता वाचताना अनेकांना प्रथमच कळले की लहानपणापासून ओठांवर असलेल्या त्या पटाला कर्ते होते. आणि ही तर प्रमुख मंडळी! मधल्या अवस्था भरणारे, सेल्युलॉइडवर रेषा उतरविणारे, रंग भरणारे जे हात होते, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? ज्या गावात हजारो कारागिरांच्या हातून निघालेली साडी दूरच्या बाजारात भलत्याच शिक्क्याने विकली जाते, त्या गावाला या प्रश्नातील बोच समजावून सांगायला नको.

यास्तव शाळेपुढे एक सूचना ठेवून मी थांबतो. शाळेने स्वतःचा एक गीतपट करावा. गाणे मुलांनीच रचावे, मिनिटाला १२० मात्रांचा केरवा धरावा आणि दहा आवर्तने घ्यावीत. ४० सेकंदांचा पट होईल. सेकंदाला १२ याप्रमाणे ४८० चित्रे लागतील. ४८ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला दहा येतील. पेन्सिल, कागद, खुंट्यांची एक पट्टी आणि एक मोबाइल एवढ्यावर हे काम होते. ओडिया बोलणाऱ्या मुलाने काढलेला पंख खानदेशी मुलीने काढलेल्या पंखाशी जुळला नाही तर पक्षी उडणार नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. पट तयार झाल्यावर तो सभागृहात सर्वांनी मिळून पाहावा, मिळून गावा. आणि अखेरीस अठ्ठेचाळीसही नावे, वाचता येतील इतका वेळ, पडद्यावर ठेवावीत. ती यादी शाळेच्या दप्तरात जपली, तर पन्नास वर्षांनी येथे बोलायला येणाऱ्याला, ते हात कोणाचे होते, असे विचारावे लागणार नाही.